पाणी सांडलं तरी चालेल, दगड सुकता कामा नये

घरात मासे आणि प्रवाळं पाळायची माझी खाऱ्या पाण्याची टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. न्यू जर्सीतल्या जुन्या घरातून ती ५० किलोमीटरवरच्या नव्या घरी न्यायची ठरली, तेव्हा ज्याने त्याने एकच विचारलं, "एवढं पाणी नेणार कसं?" ८०० लिटर पाण्याची काळजी वाटणं साहजिक आहे, कारण टाकीकडे पाहिलं की आधी पाणीच दिसतं. पण प्रवाळांच्या टाकीत सगळ्यांत सहज बदलता येणारी गोष्ट कुठली असेल, तर ती पाणीच. जिवापाड जपायचा असतो तो दगड.

हा दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा, चाळणीसारखा सच्छिद्र. छंदातली मंडळी त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात, म्हणजे जिवंत दगड. पूर्वी तो समुद्रातून काढून आणत. हल्ली कोरडा दगड टाकीत महिनोन्‌महिने मुरवून जिवंत करतात. माझा दगड असाच नऊ वर्षं मुरलेला. हाताला बुळबुळीत लागणारा त्याच्यावरचा थर हीच टाकीची खरी मालमत्ता.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. अमोनिया माशांना विषारी. दगडावरचे काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते बरंच सौम्य असतं. दगडाच्या आतल्या छिद्रांत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडून देतात. पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत अशी कामाची वाटणी झालेली असते. हे जीव बहुतांशी पृष्ठभागाला चिकटून राहतात. पाण्यात तरंगणारे थोडेच. म्हणून जुनं पाणी गटारात गेलं तरी टाकीची पचनशक्ती शाबूत राहते, आणि दगड उन्हात दोन तास सुकला तर उत्तम पाण्यातही मासे गुदमरतात.

ही गोष्ट लक्षात यायला छंदी लोकांना बराच काळ लागला. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली: समुद्रातला जिवंत दगड, समुद्राचं पाणी, आणि हवेचे बुडबुडे, बस्स. त्या काळात दगड-वाळू उकळून, निर्जंतुक करून टाकीत घालणं म्हणजे स्वच्छता समजली जाई. पुढे बर्लिनच्या छंदींनी दगडाच्या जोडीला स्किमर आणला. फेस काढून पाण्यातली सेंद्रिय घाण बाहेर टाकणारं ते यंत्र. आजची घरगुती टाकी बहुतेक याच वळणाची आहे.

रोजच्या देखभालीत मला सगळ्यांत जास्त आनंद देणारा भाग रसायनशास्त्राचा. टाकीतून रोज सात-आठ लिटर पाण्याची वाफ होते. वाफ जाते, मीठ मागे राहतं. मिठागरात हेच होतं, फक्त तिथे ते हवं असतं. इथे पाण्याचा खारेपणा लिटरला ३५ ग्रॅम मिठाच्या आसपास बांधून ठेवायचा असतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी कधीच घालायचं नाही, आरओचं गोडं पाणी घालायचं. नवखे इथेच चुकतात.

त्या गोड्या पाण्यातूनच प्रवाळांना चुनाही देता येतो. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सांगाडा बांधतं. पाण्यात बांधकामाला लागणारा कार्बोनेट साठा किती आहे हे 'अल्कलिनिटी' सांगते, आणि ती जर्मन अंशांत मोजायचा रिवाज आहे. माझ्या टाकीत ती ८ ते ८.५ अंश असते आणि रोज साधारण १ अंशाने उतरते. ८०० लिटरमध्ये १ अंश उतरणं म्हणजे १४ ग्रॅम चुनखडी. दिवसाकाठी १४ ग्रॅम दगड घडतो आहे, दिवाणखान्यात, आवाज न करता! ही भरपाई करायला प्रवाळ पाळणाऱ्यांपैकी पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात जी पद्धत रूढ केली, तिचं जर्मन नाव आहे काल्कवासर. आईला फोनवर समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, ही तर चुन्याची निवळी!" अगदी तीच. कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुना कालवून, खाली बसू देऊन वरचं नितळ पाणी घेतात तसंच. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो आणि सामू (पीएच) १२ च्या वर जातो. म्हणून निवळी द्यायची ती रात्री, थेंबथेंब. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून सामू घसरत असतो. निवळी तो वायू पकडून त्याचं बायकार्बोनेट करते आणि सामूही सावरते.

आता हलवण्याचं. नव्या घराची जमीन आधी पाहिली. पाणी, दगड, काच, स्टँड धरून टनाहून जास्त वजन सव्वा-दीड चौरस मीटरवर उभं राहणार होतं. भारतात राहत्या घराची जमीन चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोच्या भाराला धरून आखतात. अमेरिकेतही हिशोब जवळपास तेवढाच. हा आकडा सबंध खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे टाकी ठेवली आणि जमीन खचली असं लगेच होत नाही. पण खोलीच्या मधोमध आणि भिंतीलगत, तुळयांवर आडवी, यात फार फरक पडतो. मोठी टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

निम्मं पाणी जुनं न्यायचं ठरवलं. ते जिवाणूंसाठी नव्हतं, प्रवाळांना एकदम वेगळ्या पाण्याचा धक्का बसू नये म्हणून. उरलेलं ४०० लिटर नव्या घरी आदल्या दिवशीच कालवून ठेवलं. त्याला १५ किलो मीठ लागलं. १५ अंश सेल्सियसचं ते पाणी २६ अंश सेल्सियसवर आणायला पाच युनिट वीज लागते, म्हणजे ६०० वॉटच्या हीटरला आठ तासांहून जास्त. हा हिशोब आधी केला नाही तर मासे डब्यात आणि पाणी थंडगार, अशी पाळी येते.

वाळू मात्र टाकून दिली. याआधी एकदा टाकी हलवताना मी जुनी वाळू तशीच उचलून नेली होती. वर्षानुवर्षं तळाशी साठलेला गाळ एका झटक्यात पाण्यात मिसळला. वाळूच्या खोल, प्राणवायू नसलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइडही असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे तळाशी पडलेले होते. आठ वर्षं सांभाळलेला पिवळा सर्जनफिश त्यात होता. ते अजून विसरलेलो नाही.

या खेपेस आधी प्रवाळं काढली, एकेक स्वतंत्र डब्यात, कारण ताणाखाली ती चिकट द्रव सोडतात आणि त्याचा शेजाऱ्याला त्रास होतो. मग दगड, पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पिंपांत. मासे सगळ्यांत शेवटी, दगड निघाल्यावर आणि पाणी घोट्याएवढं उरल्यावर. दगडांत लपलेला मासा जाळीने पकडू पाहणं म्हणजे त्याचा छळच. सर्जनफिशच्या शेपटीजवळ वस्तऱ्यासारखा काटा असतो, पिशवी फाटते, म्हणून त्यालाही डबाच. प्रत्येक डब्यात बॅटरीवरचा हवेचा पंप. २६ अंशांच्या समुद्री पाण्यात प्राणवायू मुळात लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच मावतो. थंड, गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी. गर्दीच्या डब्यात तो बघता बघता संपतो.

भारतातल्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून प्रवाळ काढणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. मी वाढवतो ती इतरांच्या टाक्यांत वाढलेल्या प्रवाळांची कलमं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे नेल्या, तेव्हाही या कायद्यामुळे वन खात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. त्या गढूळ पाण्यात प्रवाळ असतं हे त्या बातम्यांमुळेच कित्येक मुंबईकरांना कळलं. ते वाचताना माझ्या मनात पिंपं, डबे आणि सुकत चाललेला दगड येत राहिला.

नव्या घरी टाकी भरल्यावर पहिला आठवडा दिवे निम्म्यावर ठेवले. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. प्रवाळ आधीच ताणात असताना प्रखर प्रकाश पडला, तर ते या शैवालांना बाहेर काढून पांढरं पडू शकतं. माशांना दोन दिवस खाणं नाही, नंतर चिमूटभर. अमोनिया रोज मोजत होतो, तो शून्यावरून हललाच नाही. दगडाने आपलं काम चालू ठेवलं होतं. पण अल्कलिनिटीही ८.२ वरून हलेना. प्रवाळं मिटून बसली होती, बांधकाम बंद होतं. अशा वेळी निवळी देत राहिलं तर सामू चढून चुना पाण्यातच साकळतो, म्हणून ती थांबवली. नुसतं गोडं पाणी घालत राहिलो आणि रोज संध्याकाळी अल्कलिनिटी तपासायला चाचणीच्या नळीतला रंग बदलेपर्यंत थेंब मोजत बसलो. ८.२, ८.२, पुन्हा ८.२.

सतराव्या दिवशी ७.९ आलं. खात्रीसाठी पुन्हा मोजलं, तेच आलं. त्या रात्री निवळीचा डबा पुन्हा जोडला.