कार्बन चढवलेला पार्ट आणि कार्बनचा पार्ट

कोणी ‘घरीच कार्बन फायबरचा पार्ट बनवला’ म्हणालं की मी आधी तो उलटा करून बघतो. वरून फरक कळतच नाही: तीच तिरकी वीण, तीच काचेसारखी चकाकी. मागे जुनं काळं प्लास्टिक दिसलं तर ते स्किनिंग. मागेही वीणच असेल तर पार्ट साच्यातून निघालाय.

स्किनिंग म्हणजे आहे त्या पार्टला कार्बनचं कापड नेसवणं. थारच्या आरशाचं कव्हर घ्या, वॉटर पेपरने खरवडा, काळं इपॉक्सी (हार्डनर कालवून घट्ट होणारं रेझिन) लावा. ते बोटाला चिकट लागावं पण बोटावर येऊ नये, इतकं सुकलं की कापड बसवा आणि वरून पारदर्शक रेझिनचे दोन-तीन हात द्या. एक शनिवार-रविवार पुरतो. फक्त आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो तो वाचा. एबीएस असेल तर उत्तम. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर इपॉक्सी धरत नाही, पुढे सालपट निघतं. आणि वजन? २०० ग्रॅमच्या कापडाला हाताने लावताना जवळपास तेवढंच रेझिन लागतं, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वाढले. ‘गाडी हलकी केली’ असं स्किनिंगवाल्याने म्हणू नये.

साच्याचं काम वेगळंच. इथे मूळ पार्ट गाडीवर परत जातो. त्याच्यावरून आधी ग्लास फायबरचा साचा काढायचा असतो. मेणाचे पाच-सहा हात, वर पीव्हीए (साचा सुटावा म्हणून लावायचा पातळ थर), मग ग्लास फायबरची मॅट आणि रेझिन. मेण कुठे चुकलं तर साचा आणि पार्ट एकमेकांना सोडत नाहीत. साचा तयार झाला की त्यात पुन्हा मेण, मग कार्बनचे तीन-चार थर.

खरी फसगत हार्डनरची, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाची होते. पॉलिएस्टर रेझिनवर हात बसलेला माणूस ‘थोडं जास्त टाकू, लवकर सुकेल’ म्हणतो. तिथे ते थोडंफार चालतं, पण इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो. जास्तीचा तसाच उरतो आणि पार्ट मऊ राहतो. एलवाय ५५६ या इपॉक्सीला एचवाय ९५१ हा हार्डनर वजनाने १०० ला १०, तेही काट्यावर मोजून. मी एकदा पाव किलो मिश्रण मगमध्येच ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तर मग वितळून वाकलेला आणि गॅलरीत धूर. तेव्हापासून थोडं-थोडं कालवतो आणि पसरट ताटलीत ओततो.

घासताना मात्र दोन्हींत सारखंच: मास्क घाला आणि पाणी लावून घासा, नाहीतर हात दोन दिवस खाजतात. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून शेवटी यूव्हीवाला क्लिअर कोट.

आरशाला, डॅशबोर्डला स्किनिंग पुरे. बोनेटचा स्कूप साच्यातून काढा, तिथे वजन खरंच वाचतं. स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचं संरक्षक पान) मात्र दोन्हींपैकी कुठल्याच पद्धतीने करू नका. दगडावर आपटलं की लोखंड वाकतं, घरी येऊन हातोड्याने सरळ करता येतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात, आणि वरून काही दिसतही नाही.