बुरशीनाशक मारलं तर उतारा वाढतो का?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

हा प्रश्न आम्हाला दर हंगामात विचारला जातो. आम्ही बुरशीनाशकं विकतो, तरी उत्तर सरळच देतो : नाही. रोगाने जे जाणार असतं, तेवढंच बुरशीनाशक राखतं. रोगच नसेल तर खर्च तेवढा अंगावर पडतो.

गव्हाचंच घ्या. दाण्यात भरणारं अन्न मुख्यतः वरची दोन-तीन पानं बनवतात आणि त्यांतही ओंबीखालचं शेवटचं पान. तांबेरा हा बुरशीचा रोग तिथे पोचला की दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. बुडखातली जुनी पानं पिवळी पडली म्हणून लगेच पंप भरू नका. ते नत्राच्या कमतरतेनेही होतं. शेवटचं पान उघडल्यापासून फुलोऱ्यापर्यंत मात्र वरची पानं दोन-तीन दिवसांआड पाहत राहा. पुटकुळ्यांवरून बोट फिरवल्यावर नारिंगी किंवा तपकिरी पूड लागली, तर तो तांबेराच. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, त्यामुळे उशिरा केलेल्या फवारणीने फारसं काही हाती लागत नाही.

मॅन्कोझेब हे बुरशीनाशक स्पर्शजन्य आहे. ते पानावर बसून राहतं, नंतर फुटलेल्या पानाला त्याचं संरक्षण नसतं. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून आतून काम करणारी. बुरशीच्या पेशीला लागणारं अर्गोस्टेरॉल ती बनू देत नाहीत, म्हणून लागण नुकतीच झाली असेल तरीही उपयोगी पडतात. पण याच ट्रायझोल गटातल्या औषधाची बीजप्रक्रिया प्रमाणाबाहेर झाली, तर कोंब आखूड राहतो आणि खोल पेरलेलं बी उशिरा उगवतं. ‘थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?’ याचं उत्तर हेच.

अॅझोक्सिस्ट्रोबिन या वेगळ्या गटातल्या बुरशीनाशकाने पानं जास्त दिवस हिरवी राहतात. शेत छान दिसतं, हे खरं. पण निरोगी पिकात त्या हिरवेपणाचं वजन दरवेळी काट्यावर उतरत नाही आणि पीक पक्व व्हायला मात्र वेळ लागू शकतो. शिवाय बुरशीच्या एकाच जनुकीय बदलाने अॅझोक्सिस्ट्रोबिनचा अख्खा गट निकामी ठरू शकतो. एका हंगामात तेच ते औषध पुन्हा मारू नका. वेगळ्या गटातलं घ्या.

मात्रा आणि फवारणी ते कापणी यांतलं अंतर लेबलवर दिलेलंच पाळा.

सल्ल्यासाठी येताना रोगट पान कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजतं, मग डाग ओळखता येत नाहीत.