दाभोळ

दाभोळ : महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील (दापोली तालुका) एक लहान बंदर व मध्ययुगीन दक्षिणेचे एकेकाळचे प्रमुख सागरी द्वार. वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळ, खाडीच्या उत्तर तीरावर, दापोलीच्या दक्षिणेस सु. २८ किमी. अंतरावर वसले आहे. यूरोपीय साधनांत ‘दाबुल’ हे रूप आढळते. गावाचे नाव दाल्भ्य ऋषी किंवा दाल्भ्येश्वर यांवरून आले, अशी स्थानिक परंपरा आहे. ती उत्तरकालीन असावी.

दाभोळचे प्राचीनत्व वादग्रस्त आहे. पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासग्रंथात (सामान्यतः इ.स. पहिल्या शतकाचा मध्य, पूर्वी काही अभ्यासक तो बराच उत्तरकालीन मानीत) सेमिल्ला म्हणजे चौलच्या दक्षिणेस मंदगोर, पालइपट्माइ, मेलिझेइगर व बायझँटिऑन ही बंदरे क्रमाने दिली आहेत. शॉफ याने १९१२ च्या इंग्रजी अनुवादात मंदगोर म्हणजे बाणकोट व पालइपट्माइ म्हणजे दाभोळ असे मानले. याउलट नामसादृश्यावर भर देणारे काही अभ्यासक पालइपट्माइचा संबंध महाडजवळच्या पाले गावाशी जोडतात. पेरिप्लसमधील यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, तर महाडकडे नेणारी सावित्री नदी बाणकोटपाशीच समुद्रास मिळते. म्हणजे मंदगोर बाणकोट धरल्यास पालेसाठी वेगळे मुख उरत नाही. हा आक्षेप लक्षात घेता दाभोळचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र मंदगोरचेच स्थान हलले, तर तोही डळमळतो. दाभोळच्या खाडीच्या आतील प्रदेशात, कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सु. तिसऱ्या शतकातील मानली जातात. पुढे वज्रयान (तांत्रिक बौद्ध पंथ) व नाथ संप्रदायांनीही ती वापरली. तेथे १९७० मध्ये मिळालेल्या शिलाहार ताम्रपटात (११३९) ‘प्रणालक’ हे पन्हाळ्याचे जुने नाव येते. समुद्राकडून आत जाणारा मार्ग जुना असल्याचे यावरून सूचित होते. बंदराच्या नावाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

बहमनी काळापासून माहिती निश्चित होते. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासात येथूनच होर्मुझकडे निघाला (सु. १४७२; त्याच्या प्रवासाच्या वर्षांबाबत एकमत नाही). येथे उतरणाऱ्या घोड्यांचा उल्लेख त्याने केला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा या पोर्तुगीजाने मक्का, एडन व होर्मुझकडील गलबते आणि तांबे, पारा व हिंगूळ यांचा देशावर जाणारा व्यापार नोंदविला. चौलच्या लढाईत पुत्र मारला गेल्यानंतर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याने डिसेंबर १५०८ अखेर दाभोळ जाळले व तेथील रहिवाशांची कत्तल केली; तेथून तो दीवच्या लढाईस (फेब्रुवारी १५०९) गेला. बंदर पुढे आदिलशाहीत पुन्हा सावरले, पण पूर्वीचे वैभव आले नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या कोकण मोहिमेत ते मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर इंग्रजी अंमल. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींचा येथे थांबा असे.

धक्क्याजवळची मशीद (मासाहेबा किंवा शाही मशीद, लोक तिला अंडा मशीद म्हणतात) हे येथील मुख्य वास्तुशेष होय. चार मिनार व मधला सु. ७५ फूट उंच घुमट ही विजापुरी घडण आहे. विजापूरची राजकन्या आयेशाबीबी मक्केस जाण्यासाठी येथे आली, समुद्रावरील चाच्यांच्या भीतीने थांबली आणि यात्रेचे द्रव्य तिने मशिदीस लावले, अशी कथा आहे. बांधकामाचा काळ काही ठिकाणी १५५९–६३, तर काही ठिकाणी १६५९ दिला जातो. बरोबर शंभर वर्षांचा हा फरक लेखनप्रमादातून आला असण्याचा संभव आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास दाभोळचा व्यापार ओसरला होता. तेव्हा एवढा खर्च येथे झाला असेल का, हा प्रश्न आधीच्या तारखेस अनुकूल आहे. उलट घुमटाच्या तळाशी असलेल्या पाकळ्या आदिलशाहीच्या भरभराटीच्या, म्हणजे आधीच्या तारखेनंतरच्या काळाकडे बोट दाखवितात. केवळ शैलीवरून शतक ठरविणे धोक्याचे आहे.

चंडिकेचे मंदिर जमिनीखाली कातळात आहे. आत समईचाच उजेड असल्याने डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. त्याचे सहाव्या शतकापर्यंत मागे नेले जाणारे मूळ परंपरेवरच आधारलेले आहे.

समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेलचा गोपाळगड आहे. तुळाजी आंग्रे याने तो सु. १७४५ मध्ये सिद्दीकडून घेतला. ‘दाभोळ प्रकल्प’ (एन्रॉन) म्हणून गाजलेले वीजकेंद्रही त्याच बाजूस आहे. त्याचा वीजखरेदी करार १९९३ चा. २००१ मध्ये ते बंद पडले व २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेले. दाभोळ गावाशी त्याचा संबंध नावापुरताच, तरी बाहेरच्यांना गाव त्याच नावाने ठाऊक असते. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून वाहनांसह खाडी ओलांडते. त्यामुळे चिपळूणमार्गे पडणारा वळसा वाचतो. उत्तरेस कोळथरे व लाडघर हे किनारे, तर दापोली तालुक्यातच उन्हवरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत.