रानटी सुगंधी वनस्पतींची बाष्पनशील तेले
रानात उगवलेल्या पुदिन्याचे पान बोटांत चुरडले की दरवळ सुटतो. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी फुटून त्यांतले बाष्पनशील तेल उडू लागते, त्याचा हा वास. प्रयोगशाळेत हे तेल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेबरोबर उडवून आणि ती वाफ थंड करून, काढतात. त्यासाठी लागणारे काचेचे उपकरण क्लेव्हेंजर यांनी १९२८ मध्ये मांडले, आणि ते आजही रूढ आहे. किलोभर पाल्यातून बहुधा थोडेच मिलिलिटर तेल हाती लागते.

पण त्या थेंबांत अनेक, कधी शंभराहून अधिक संयुगे असतात. बहुतेक टर्पीन गटातली, म्हणजे पाच-पाच कार्बन अणूंचे तुकडे जोडून बनलेली : दहा कार्बन अणूंची लिमोनीन, लिनॅलूल, थायमॉल, पंधरा अणूंचे कॅरिओफायलीन. युजेनॉलसारखी काही वेगळ्या गटातली. गॅस क्रोमॅटोग्राफीने ती सुटी करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखतात. जात एकच असली तरी तेल एकच असेल असे नाही. दक्षिण फ्रान्समधल्या रानटी थाइमची काही झुडपे थायमॉल बनवतात, तर काही लिनॅलूल किंवा जिरॅनिऑल. म्हणून घटकांचे प्रमाण न देता केवळ वनस्पतीच्या नावावर केलेला औषधी दावा अपुराच मानावा.

असाच एक दावा कर्करोगाचा. तेलाच्या कर्करोगविरोधी क्षमतेची पहिली पारख बहुधा एमटीटी चाचणीने होते. जिवंत पेशी पिवळ्या रंजकाचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. तेलातले रेणू मेदात विरघळणारे असल्याने पेशीपटलात शिरतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे काम बिघडवतात आणि काही वेळा पेशीला नियोजित मृत्यूकडे ढकलतात. इथे खरा प्रश्न निवडकतेचा आहे. निरोगी पेशीही तितक्याच मरत असतील, तर ते निव्वळ विष ठरते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, आणि त्याची वाफ चाचणीच्या बशीतल्या शेजारच्या खळग्यांत जाऊन तिथले आकडेही बिघडवू शकते.

बशीतल्या पेशींपासून रुग्णापर्यंतची वाट फार थोड्या रेणूंनी गाठली आहे. हळदीच्या कुळातल्या वनस्पतींतून मिळणारे एलेमीन चीनमध्ये कर्करोगाच्या पूरक उपचारात वापरतात. अशाच तेलांत आढळणारे पेरिलिल अल्कोहोल तोंडावाटे देऊन झालेल्या चाचण्यांनी निराशा केली. मेंदूतल्या गाठींसाठी ते नाकावाटे देण्याचे प्रयोग ब्राझीलमध्ये झाले. उलट, ससाफ्रास या झाडाच्या तेलातल्या सॅफ्रोलमुळे उंदरांना यकृताचा कर्करोग झाला, आणि अमेरिकेने १९६० मध्ये खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली.