पावसाच्या नकाशातले उणे ९९९

सातारा जिल्ह्याचा पावसाचा नकाशा काढणं हे मुळातच डोकेदुखीचं काम. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत १०० किमीच्या आत असलेल्या दहिवडीला ५०० मिमीसुद्धा मुश्किलीनं. भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा पावसाचा डेटा पाव अंशाच्या ग्रिडवर, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मिळतो. पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किमीचा चौकोन. त्यामुळे घाटमाथ्यापासून माणदेशापर्यंतचा सगळा फरक तीन-चार चौकोनांत उरकतो.

तालुकानिहाय काम करायचं तर हा डेटा बारीक ग्रिडवर न्यावा लागतो. यालाच रीग्रिडिंग म्हणतात. बारीक जाळीचा नवा बिंदू जुन्या जाळीच्या चार बिंदूंच्या मधे कुठेतरी पडतो. जो जुना बिंदू जवळ, त्याचं वजन जास्त, अशी सरासरी काढायची. गणित सोपं आहे. गोची होते ती रिकाम्या जागांमुळे.

जिथे नोंदच नाही तिथे फाइलीत काहीतरी लिहावं लागतं. काही जण 'नॅन' लिहितात, म्हणजे 'ही संख्याच नाही'. नॅन ज्या बेरजेत शिरतो ती बेरीजही नॅन होते. त्यामुळे रीग्रिडिंगनंतर नकाशातली भोकं मोठी झालेली दिसतात आणि लोक वैतागतात. पण मला विचाराल तर नॅन प्रामाणिक आहे, निदान दिसतो तरी. हवामान विभागाच्या पावसाच्या फाइलींत मात्र अशा जागी उणे ९९९ असतं, आणि संगणकाला आपण सांगितलं नाही तर तो त्यालाही पाऊसच समजतो.

आता पाटणजवळचा एक नवा बिंदू घ्या. शेजारच्या तीन बिंदूंवर ६० मिमी पाऊस आहे आणि त्यांचं मिळून वजन ०.९५. चौथा बिंदू रिकामा, वजन ०.०५. पहिल्या तिघांचे ५७ मिमी. चौथ्याचे उणे ४९.९५. उत्तर ७.०५ मिमी. उणे २०० मिमी आलं असतं तर कुणीही दचकलं असतं. ७ मिमी बघून कोण दचकणार? तापमानाच्या फाइलींत रिकाम्या जागी ९९.९ असतं. समुद्रावरच्या त्या ९९.९ ला ०.२ वजन मिळालं आणि जमिनीवर ३१ अंश असलं, तर रत्नागिरीचं तापमान जवळपास ४५ निघतं. लगेच उष्णतेच्या लाटेची बातमी तयार!

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे उणे ९९९ च्या जागी शून्य टाकणं. हे तर आणखी वाईट. माणमध्ये भर जुलैतले ० मिमी हे खरं मोजमाप असतं. नोंद नसणं ही निराळी गोष्ट. शून्य टाकलं की दुष्काळ आणि अज्ञान यांतला फरकच पुसला जातो.

त्यापेक्षा आधी उणे ९९९ म्हणजे 'नोंद नाही' हे प्रोग्रामला सांगावं. मग फक्त भरलेल्या बिंदूंची भारित बेरीज करून तिला त्यांच्याच वजनानं भागावं. पाटणच्या उदाहरणात ५७ भागिले ०.९५, म्हणजे ६० मिमी. भरलेल्या बिंदूंचं वजन निम्म्याहून कमी असेल तर मी ती जागा रिकामीच ठेवतो. हा आकडा कुठल्या नियमातला नाही, पण एका कोपऱ्यातल्या बिंदूवरून अख्ख्या खोऱ्याचा पाऊस ठरवणं मला पटत नाही.

कधी डेटा धडधाकट असतो आणि घोळ अक्षांश-रेखांशांचा निघतो. काही फाइलींत रेखांश ० ते ३६० असतात, काहींत उणे १८० ते १८०. सातारा दोन्हींत ७४ पूर्वच, त्यामुळे आपल्याला हे जाणवत नाही. जगाच्या नकाशावर मात्र ग्रिनिचपाशी उभी पांढरी पट्टी उमटते. अक्षांशांचा फटका आपल्यालाही बसतो. युरोपच्या ईआरए५ या जगभराच्या हवामान-डेटात ते उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतात, आणि १५ ते १९ असा तुकडा मागितला की हाती रिकामी फाइल येते. अशा वेळी फाइलीतला पहिला अक्षांश छापून बघावा. तो ९० निघाला तर १९ ते १५ असं उलटं मागावं.