पाण्याखालील स्कूटर आणि बुडालेली जहाजे

पाण्याखालील स्कूटर म्हणजे पाणबुड्याला पाण्याखाली ओढून नेणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. बुडालेल्या जहाजाचा विस्तीर्ण परिसर कमी श्रमात फिरून पाहण्यासाठी ते वापरतात. लांबट, जलरोधक कवचात बॅटरी व मोटर, मागे कड्यात बसवलेला पंखा आणि हाताशी खटका अशी त्याची रचना असते. खटका सोडला की पंखा थांबतो. ओढ हातावर येत नाही: यंत्राला बांधलेली दोरी पाणबुड्याच्या पट्ट्यावरील, जांघेजवळच्या कडीत अडकवलेली असते आणि हात फक्त दिशा देतो. सोडून दिले असता यंत्र वरही येऊ नये आणि तळालाही जाऊ नये, असे त्याचे वजन जुळवतात. गोड्या पाण्यात जुळवलेले यंत्र खाऱ्या पाण्यात तरंगू लागते. त्यामुळे ठाण्यातल्या तरणतलावात सराव केलेल्यांना मालवणात हे काम पुन्हा करावे लागते.

उगमाविषयी एकमत नाही. एक मत लष्करी परंपरेकडे झुकते. १ नोव्हेंबर १९१८ रोजी राफाएले रोसेत्ती व राफाएले पाओलुच्ची या इटालियन अधिकाऱ्यांनी टॉर्पेडोपासून बनवलेल्या ‘मिन्यात्ता’ या यंत्रावरून आजच्या क्रोएशियातील पुला बंदरात शिरून ‘व्हिरिबुस उनिटिस’ ही युद्धनौका सुरुंगाने बुडवली. मात्र त्यांच्याजवळ श्वसनयंत्रे नव्हती आणि डोकी पाण्याबाहेरच होती. तेव्हा या यंत्राला पाण्याखालचे म्हणावे का, इथूनच वादाला सुरुवात होते. १९३० च्या दशकाच्या मध्यास तेसेओ तेसेई व एलिओस तोस्की यांनी आखलेले यंत्र (सैनिकांच्या बोलीत ‘मायाले’, म्हणजे डुक्कर) खरोखर पाण्याखालून जाई. १९ डिसेंबर १९४१ रोजी अलेक्झांड्रिया बंदरात ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या युद्धनौका त्याच्याच साहाय्याने निकामी करण्यात आल्या. पण त्यावर दोन माणसे घोड्यावर बसावे तशी स्वार होत. दुसरे मत नागरी परंपरेचे आहे. पाण्याखालील छायाचित्रणाचे संशोधक दिमित्री रेबिकॉफ यांचे ‘पेगासस’ हे यंत्र साधारणपणे १९५० च्या दशकातले. ते अशा छायाचित्रणासाठी उपयोगी पडले, तरी पाणबुड्या त्यावरही स्वारच होई. यंत्र हातांनी धरून त्यामागे ओढले जाणे ही आजच्या स्कूटरची खूण मानली, तर फ्रेंच समुद्रसंशोधक झाक-ईव्ह कूस्तो यांच्या चमूची यंत्रे अधिक जवळची ठरतात. १९५६ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्यांच्या माहितीपटात ती दिसतात. दोरीने ओढणाऱ्या लांबट स्कूटरची घडण पुढे फ्लॉरिडातील जलमय गुहांत झाली असावी.

बुडालेल्या जहाजाच्या कामी स्कूटरचा उपयोग बाहेरून अधिक, आतून जवळजवळ नाही. तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’ (१९४१ मध्ये बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज, लांबी सुमारे १२८ मीटर) एकाच बुडीत टोकापासून टोकापर्यंत पाहता येते. मोटारसायकली लादलेल्या त्याच्या तळघरात मात्र पंख्याचा एक झोत सगळा गाळ उठवतो आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. म्हणून स्कूटर दाराबाहेर बांधून, मार्गदर्शक दोरी सोडत आत जाण्याची पद्धत आहे. वेगाचा दुसरा धोका वर येतानाचा: खटका दाबलेला राहिला तर मिनिटाला ९ मीटरची सावध मर्यादा नकळत ओलांडली जाते. मधेच यंत्र बंद पडले तर पोहत परत येण्याइतकी हवा शिल्लक हवी. टाकीतली हवा तीन भागांत वाटून एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी व एक अडचणीसाठी ठेवण्याचा गुहांतील नियम इथेही पाळतात.

ठाणे खाडीत हा प्रकार होत नाही. कारण खाडीचा स्वभावच तसा आहे. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि प्रत्येक फेरीत तळचा चिकट गाळ पाण्यात मिसळतो. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला पाहिले तर पाणी चहाच्या रंगाचे दिसते. याच जिल्ह्यातील खाड्यांत डुबी पद्धतीने रेती काढणारे बांबूच्या आधाराने तळाशी उतरत आणि लोखंडी बादली चाचपून भरत. डोळ्यांचा उपयोग नव्हताच! या परिसरात जहाजे बुडण्याचा आणि अपघातांचा इतिहास मात्र पुष्कळ आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. समुद्रात पडलेल्या कंटेनरांनी न्हावा-शेव्याची जहाजवाहतूक काही दिवस अडली आणि तेल नवी मुंबईच्या खारफुटीपर्यंत आले. जहाजांच्या वाटेत आणि जाळ्यांनी भरलेल्या गढूळ पाण्यात स्कूटर उपयोगाची नाही. अशा ठिकाणी सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणारे यंत्र, अधिक कामाचे.

त्यामुळे ठाणे व नवी मुंबईतील हौशी मंडळी तारकर्ली-मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाकडे जातात. गोव्याच्याच किनाऱ्याजवळ सुंची खडकाजवळील सतराव्या शतकाचे मानले जाणारे पोर्तुगीज जहाज राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासले आहे. सिंधुदुर्गात निवती खडकाजवळ, २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ पर्यटनासाठी पाण्याखाली ठेवण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. विमानाने जाणाऱ्यास बॅटरीची अडचण येते: १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला सोबत नेता येत नाही आणि पुष्कळशा दमदार स्कूटर या मर्यादेबाहेर पडतात. ठाण्याहून गाडीने कोकणात उतरणाऱ्यास ही कटकट नाही.

बुडालेल्या जहाजांतल्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूही भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात.