हार्ड डिस्कच्या फॉरमॅटमागचे चार बाइट

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर शेकडो जीबी जागा रिकामी असते, आणि तरीही सहा जीबीचा एक व्हिडिओ टाकायला गेलं की ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. डिस्क बिघडलेली नसते. ती फॅट३२ मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली असते.

फॅट मूळची १९७७ची, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी फ्लॉपीच्या जमान्यात लिहिलेली. डिस्कचे लहान लहान तुकडे करायचे आणि कुठल्या तुकड्यानंतर कुठला, याचा एक तक्ता ठेवायचा. पुढे डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीत, प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची ठरली: पहिले ११ बाइट नावाला, शेवटचे ४ आकाराला. चार बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे तेवढे बाइट, जेमतेम चार जीबी. १९९६ मध्ये फॅट३२ आली तेव्हा तक्ता मोठा झाला, पण नोंदीतले ते चार बाइट तसेच राहिले. एका फाइलला चार जीबीची अट आली ती इथून.

एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टची दुसरी पद्धत त्याआधीच, १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली होती. ती डिस्कच्या रचनेतला बदल करण्याआधी तो नोंदवहीत टिपून ठेवते. मध्येच वीज गेली, तरी ती वही वाचून घडी पुन्हा बसवता येते. ॲपलने मात्र आपली वेगळी वाट धरली: १९९८ मध्ये एचएफएस प्लस, २०१७ मध्ये मॅकवर एपीएफएस. परिणाम असा की मॅक आजही एनटीएफएस डिस्क वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. विंडोजला तर ॲपलची डिस्क वाचताच येत नाही.

ही कोंडी फोडली मायक्रोसॉफ्टच्याच एक्सफॅट या पद्धतीने. ती २००६ची, २००९ मध्ये एसडीएक्ससी या मोठ्या क्षमतेच्या मेमरी कार्डांनी ती स्वीकारली, २०१० मध्ये मॅकनेही. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती पोचायला मात्र २०१९ उजाडलं, कारण तोवर मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला नव्हता आणि पेटंटची टांगती तलवार होती. अडचण तंत्राची नव्हती, परवानगीची होती, आणि तेरा वर्षं लोकांनी ती सोसली याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक्सफॅटमध्ये ती नोंदवही नाही. म्हणून फक्त विंडोजला जोडायच्या बॅकअप डिस्कसाठी मी एनटीएफएसच सुचवेन. विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅट द्या, पण ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तिची केबल कधीच ओढू नका.